रिओ कोब्रेच्या अलीकडे

“आधी सुरीला तेल लाव, बायो. चीक बसला की घासत बसशील.”

मी सुरीला तेल लावलं. ओट्यावर नारळाहून थोडा मोठा, खरखरीत सालीचा नीरफणस होता. अप्पा गॅसपाशी तवा तापायची वाट बघत उभे होते. खाली, उताराच्या पायथ्याशी, बसडेपोत कुणीतरी इंजिन चालू केलं. अप्पांनी मान जराशी कलती केली.

“सात नंबर. प्लमरची गाडी,” ते म्हणाले. “क्लचवर पाय ठेवून चालवतो. शंभरदा सांगितलं.”

“हे इथून कळतं?”

“तुला बांगड्यांवरून कळायचं ना, आई कुठल्या खोलीत आहे ते?”

आईचा विषय आमच्यात सहसा निघत नसे. मी मान खाली घालून कापं करायला लागले.

ही जमैका बेटावरच्या माँटेगो बे गावातली सकाळ. अप्पा, म्हणजे अनंत खोपकर, एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. त्यानंतर दीड वर्षानं ते इथं आले. पिमेंटो लाइन नावाच्या कंपनीनं माँटेगो बे ते किंग्स्टन, म्हणजे बेटाच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रवासी गाड्या सुरू केल्या होत्या. गाड्यांच्या चासी भारतातून आणलेल्या होत्या, आणि त्यांची नस ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. अप्पा दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि चार वर्षं झाली. मी कासारवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होते, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. त्या वर्षी रजा साठवून तीन आठवड्यांसाठी आले होते. बेट बघायला जातेय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मी त्यांना घरी न्यायला आले होते. ते एवढं त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि तिसरा आठवडा लागला होता.

अप्पांनी रवा लावून कापं तव्यात सोडली.

“इथं नीरफणस मिळतो,” ते म्हणाले. “माठ मिळतो, त्याला हे लोक कॅलालू म्हणतात. नारळ आहे, केळी आहेत, बांगड्यासारखा मासा आहे. आपल्या गुहागरला आणखी काय वेगळं होतं?”

“कोकम नाही मिळत.”

“चिंच मिळते.”

कापं उलटायला त्यांनी उलथनं घेतलं आणि तव्याकडे बघतच म्हणाले, “शुक्रवारी किंग्स्टनहून मालक येतोय. आणखी दोन वर्षं थांबा म्हणतो.”

“बरं.”

“काय सांगू त्याला?”

मुंबईहून लंडन आणि लंडनहून इथवर येताना मी वाक्य तयार केलं होतं. साधं, चार शब्दांचं. ते तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं.

“तुमची तब्येत, तुमचं काम,” मी म्हटलं. “मी काय सांगणार?”

“हं,” अप्पा म्हणाले. मग म्हणाले, “खाली काढ ती ताटली. गरम गरम खा.”

आई होती तोवर आम्हा दोघांचं बोलणं तिच्यातून जायचं. ‘अप्पांना सांग, मी उशिरा येणार आहे.’ ‘बायोला विचार, पैसे हवेत का.’ आम्ही एकाच खोलीत बसलेलो असलो तरी. ती गेल्यावर आम्ही एकमेकांशी थेट बोलायला लागलो आणि फार सभ्यपणे बोलायला लागलो. भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

दुपारी ते मला डेपो दाखवायला घेऊन गेले. तसा तो मी आधीही पाहिला होता, पण त्यांना बहुतेक दुसरं काही दाखवायला सुचलं नसावं. सात नंबरच्या दाराशी तिचा ड्रायव्हर प्लमर उभा होता. पन्नाशीचा, दांडगा, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्या लोकांचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं. इथं मी लिहिते आहे ते माझ्या कानापर्यंत जसं पोचलं तसं. खोपकरचं त्यांच्या तोंडी ‘कोप’ झालं होतं.

“मिस्टर प्लमर,” अप्पा आपल्या एसटीतल्या इंग्रजीत म्हणाले, “क्लच इज नॉट फूटरेस्ट.”

“बरोबर, मिस्टर कोप. आणि फूटरेस्ट इज नॉट क्लच. पण माझ्या पायाला हे कोण सांगणार?” मग माझ्याकडे वळून, “घरीसुद्धा हा असाच आहे का? की फक्त आमच्याच नशिबी?”

“घरी ते काही बोलत नाहीत,” मी म्हटलं.

प्लमर हसला. अप्पाही हसले. गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट नव्हती ती, पण तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा नेहमीसारखे बाहेर पडले. “जेवायला येतो. माठ निवडून ठेव,” एवढंच म्हणाले. मी माठ निवडला, धुतला, चिरला.

वर्कशॉपमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा असतो, त्याच्या पायऱ्यांवर बसून, डोळे मिटून इंजिन ऐकायची अप्पांची जुनी सवय. दापोडीतही ते असंच करत. आवाजावरून दोष सापडला की बोट वर करत, आणि मग इंजिन बंद करायचं. त्या दिवशी ते तसेच बसले. कारागिरांनी इंजिन चालू ठेवलं. मिस्टर कोप ऐकत असताना मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोट वर होईना म्हणून ते वाट बघत राहिले. बराच वेळ ते इंजिन चालू होतं, आणि ते ऐकणारं कुणी नव्हतं.

मला सांगायला प्लमर वर आला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हाताला माठाचा लाल रंग लागलेला होता.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. डॉक्टर आले, कागद झाले, गावाबाहेर दहन झालं. बारा-चौदा माणसं होती, सगळी डेपोतली, काळे सूट घालून त्या उन्हात घाम गाळत उभी. मंत्र म्हणायला कुणी नव्हतं. मला येत होतं तेवढं मी मनात म्हटलं. पुण्याला चुलतभावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “वृंदाताई, समुद्र आहे ना तिथं? मग एवढ्या लांब कशाला आणतेस? सगळं पाणी एकच.” त्याचंही काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, बघते.

अस्थी देशाबाहेर न्यायच्या तर परवानगीचा कागद किंग्स्टनला, आपल्या वकिलातीत मिळायचा. विमानही तिथूनच होतं. वर्कशॉपच्या माणसांनी गाडीच्या बॉडीला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारलेली एक पेटी करून दिली. रिव्हेटची ओळ सुतासारखी सरळ होती. अप्पांनी हात फिरवून बघितली असती.

पेटी घेऊन मी तिकीटखिडकीशी गेले. तिथं मिस आयव्हलिन नावाच्या बाई बसत. जाड काचांचा चष्मा, नखं जांभळी रंगवलेली.

“ही सामानात नाही जायची,” पेटीकडे बघून त्या म्हणाल्या.

“मी मांडीवर घेईन.”

“मांडीवर? मिस्टर कोपना? ते काय तान्हं बाळ आहेत?” त्यांनी यंत्रावर दोन तिकिटं नोंदवली. “पुढची दोन आसनं. खिडकी त्यांना. वन-वे की रिटर्न?”

रोज शेकडो वेळा विचारायचा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप गेला होता. त्यांनी जांभळ्या नखांचा हात तोंडावर ठेवला.

“वन-वे,” मी म्हटलं.

सात नंबर वेळेवर निघाली. गाडी गच्च भरलेली होती. माझ्या मागच्या आसनावर एक म्हातारी, पांढरे हातमोजे आणि फुलांची हॅट घातलेली. किंग्स्टनला डोळ्याच्या दवाखान्यात निघाली होती, हे तिनं गाडी सुटायच्या आत सगळ्यांना सांगितलं. तिचं नाव सिस्टर मर्ल; चर्चमधल्या बायकांना तिथं सिस्टर म्हणतात. तिच्या पलीकडे याम कंदांची पोती घेऊन बाजाराला निघालेली एक बाई. पेटी माझ्या शेजारी, खिडकीपाशी, पट्टा लावून. उजवीकडे उसाची शेतं आणि डावीकडे समुद्र.

फालमथ गावाजवळ मार्था ब्रे नदीचा पूल आला. पुलाच्या अलीकडे प्लमरनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

त्या वाटेवरचे काही पूल अरुंद होते. पूल आला की ड्रायव्हरनं वायरलेसवर कळवायचं, म्हणजे समोरची गाडी पलीकडे थांबते, अशी पिमेंटो लाइनची पद्धत होती. प्लमर मायक्रोफोनमध्ये बोलला, “सात नंबर, मार्था ब्रे. मिस्टर कोप गाडीत आहेत.” पण निघाला नाही. आसनात वळून माझ्याकडे बघायला लागला.

“हं. मार हाक.”

“कुणाला?”

“त्याला. वाहतं पाणी आलं. माझी आजी सांगायची, मेलेला माणूस आपणहून वाहतं पाणी ओलांडत नाही. काठाशी थांबून राहतो. त्याच्या घरच्या माणसानं हाक मारली तरच पलीकडे येतो. आपण आपले पुढे जातो, पेटी घेऊन, आणि तो इथं उभा. मिस्टर कोपना मी इथं झुडपात सोडून जाणार नाही.”

“मिस्टर प्लमर, आमच्यात असं काही नसतं.”

“नदी कुणाची आहे? तुमची की आमची?”

मागून कुणीतरी खाकरलं. मी पेटीकडे वळून पुटपुटले.

“काय म्हणालीस?” प्लमर म्हणाला. “मी हातभर अंतरावर आहे, मला ऐकू आलं नाही. तो तर बाहेर आहे.”

“बाई,” सिस्टर मर्ल मागून म्हणाली, “माझी डॉक्टरकडची वेळ दुपारची आहे. त्या भल्या माणसाला गाडीत बोलाव आणि चल.”

“नावानं हाक मार,” प्लमर म्हणाला.

“वडिलांना नावानं हाक मारत नाहीत आमच्यात.”

“मग कशानं मारतेस?”

“अप्पा म्हणते.”

“मग तेच. मोठ्यानं.”

मी आयुष्यात कधी अप्पांना मोठ्यानं हाक मारली नव्हती. जेवायला बोलवायचं तरी दाराशी जाऊन उभी राहायचे आणि त्यांचं लक्ष जायची वाट बघायचे. सगळी गाडी वाट बघत होती.

“अप्पा,” मी म्हटलं, “चला.”

“ठीक आहे,” प्लमर म्हणाला. “पहिल्यांदा आहे म्हणून चालवून घेतो.” आणि गाडी पुलावर घातली. वायरलेसवर पलीकडच्या गाडीच्या ड्रायव्हरचा आवाज आला, “वॉक गुड, मिस्टर कोप.” सावकाश जा, नीट जा, असं म्हणायची त्यांची ती रीत. पूल ओलांडताना मला दिसलं, समोरून येणारी गाडी थांबली होती आणि आतल्या माणसानं टोपी काढली होती.

त्यानंतर बराच वेळ किनाऱ्याचा रस्ता होता. समुद्र जवळ हिरवा आणि लांब गडद निळा. मी पिशवीतून पुस्तक काढलं. येताना तीन आणली होती, या बेटाचा इतिहास, प्रवासवर्णन आणि एक कादंबरी. कुठं काय बघायचं हे मी नेहमी आधी वाचून जाते. त्यातल्या एकाही पुस्तकात नदीच्या काठी थांबलेल्या माणसाचं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी ते परत पिशवीत ठेवलं.

रिओ ब्वेनोला गाडी पुन्हा थांबली. या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

“पूल!” मागून कुणीतरी ओरडलं. “मिसच्या वडलांना बोलवा!”

“बाई,” यामवाली म्हणाली, “तुमच्या लोकांत नदीतच सोडतात ना? मी ऐकलंय. मग ही नदी काय वाईट आहे? स्वच्छ आहे. गोड पाणी. सोड की इथंच.”

“नाही,” मी म्हटलं. मला वाटलं त्याहून ते जोरात निघालं.

“का गं?”

“त्यांना घरी न्यायचंय.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलले होते. एका याम विकणाऱ्या बाईपुढे. तिनं मान हलवली, जणू मी भाव सांगितला आणि तिला पटला.

“मग बोलाव,” ती म्हणाली.

“अप्पा, चला.”

आणि माझ्या पाठोपाठ सिस्टर मर्ल, खणखणीत, प्रार्थनेत म्हणावं तशी, “आप्पाऽऽ!” मग यामवाली. मग मागचे दोघं-तिघं. प्लमरनं हॉर्न दिला आणि आम्ही पूल ओलांडला.

“बघ,” सिस्टर मर्ल माझ्या खांद्यावर हातमोजा ठेवून म्हणाली, “मी माझ्या नवऱ्याला नेलं तेव्हा एका पुलावर मुद्दाम हाक मारली नाही. तो नदीपलीकडेच बरा आहे.”

गाडी हसली. पुढच्या नदीपर्यंत तर सगळ्यांना सवयच झाली होती. गाडी थांबायच्या आत चाळीस माणसं एका सुरात “आप्पाऽऽ” म्हणून ओरडली, आणि वायरलेसवर कुठल्याशा दुसऱ्या गाडीतून, कुठल्याशा दुसऱ्या रस्त्यावरून, “आप्पाऽऽ” असं उत्तर आलं. मीही हसले. माझा हसण्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला कासारवाडीची गॅलरी आठवत होती. कपडे वाळत घातलेले. अप्पांच्या हातात पिमेंटो लाइनचं पत्र. “जाऊ ना मग?” त्यांनी विचारलं. मी चादरीला चिमटे लावत होते. “जा की,” मी म्हटलं. “मी काय लहान आहे?” “नाही, तसं नाही,” ते म्हणाले, आणि पत्राची घडी घातली. चादर आमच्या मध्ये होती. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते बराच वेळ तिथंच उभे होते आणि मग आत गेले.

त्या पुलानंतर ओचो रिओस गावात शिरून रस्ता समुद्र सोडतो आणि डोंगरात चढतो. दोन्ही बाजूंनी नेच्यांची झाडी इतकी दाट की भर दिवसा दिवे लावावे लागतात. डोंगरमाथ्यावर, जिथं भाजलेलं कणीस आणि कोंबडी विकणाऱ्या टपऱ्यांची रांग आहे, तिथं गाडी थोडा वेळ थांबली. लोक उतरले. मी बसूनच होते. प्लमर दोन कणसं घेऊन आला, एक मला दिलं आणि दाराच्या पायरीवर बसून खायला लागला.

“या जागेवर बसायचा तो,” पेटीकडे हनुवटी करून तो म्हणाला. “रविवारी.”

“रविवारी त्यांना सुट्टी असायची ना?”

“म्हणून तर. सुट्टीचा दिवस, आणि हा सकाळी येऊन बसलेला. किंग्स्टनपर्यंत यायचा. उतरायचा नाही. त्याच गाडीनं परत. मला वाटायचं माझा क्लच तपासतोय. चार वर्षं, मिस कोप. माझ्या बायकोनंसुद्धा माझ्याबरोबर एवढा प्रवास केलेला नाही.”

“काय बोलायचे?”

“काही नाही. ऐकायचा.” त्यानं कणसाचा एक घास घेतला. “एकदा किंग्स्टनला मीच विचारलं. म्हटलं, मिस्टर कोप, विमानतळ इथून जवळ आहे. तू इथवर येतोस आणि परत फिरतोस. घरी का जात नाहीस, माणसा?”

“मग?”

“म्हणाला, कुणी बोलावलेलं नाही.”

टपऱ्यांवरचा धूर दारातून आत येत होता.

“मी म्हटलं, घरी जायला बोलावणं लागतं का? लग्न आहे का ते? तर हसला. म्हणाला, मिस्टर प्लमर, क्लचवरचा पाय काढ.” प्लमरनं कणसाचा बुरखुंडा बाहेर फेकला आणि हात पॅंटला पुसले. “विनोदी माणूस होता. तू खात नाहीस? लिंबू-मीठ लावलंय.”

मी कणीस खाल्लं. सगळं खाल्लं. दुसरं काय करायचं ते मला समजत नव्हतं. लोक परत चढले. सिस्टर मर्लनं कागदात गुंडाळलेली कोंबडी आणली होती, तिचा वास गाडीभर पसरला. ती म्हणाली, “बाई, तुझा चेहरा असा का झालाय?” मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. हातमोजे काढून तिनं मला कोंबडीचा एक तुकडा दिला. मी मांसाहार करत नाही, हे तिला सांगायचं राहून गेलं. तो तुकडा कागदात धरून मी तशीच बसले.

डोंगर उतरून गाडी खाली आली. संत्र्यांच्या बागा गेल्या, लिनस्टेडचा बाजार गेला. यामवाली तिथं उतरली. उतरताना तिनं पेटीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, “चल रे बाबा.” तिच्या भाषेत म्हणाली, पण तेच म्हणाली.

मग दरी सुरू झाली. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली रिओ कोब्रे. शेवाळी, दाट, वेगात वाहणारी नदी. तिच्यावरच्या पुलाला फ्लॅट ब्रिज म्हणतात. जुना दगडी पूल, पाण्याच्या अगदी लगत, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, आणि कडेला कठडा नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना सिग्नल आहे. आमच्या बाजूला लाल होता. किंग्स्टन इथून फार लांब राहिलं नव्हतं, आणि वाटेत मोठी नदी ही शेवटचीच.

“सात नंबर, फ्लॅट ब्रिज,” प्लमर मायक्रोफोनमध्ये म्हणाला. “मिस्टर कोप गाडीत आहेत. थांबलोय.”

सगळ्या गाड्या ऐकत असाव्यात.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या आसनांवरून लोकांनी श्वास भरून घेतलेला मला ऐकू आला, एका सुरात ओरडायला. प्लमरनं स्टिअरिंगवरचा हात वर केला.

“नाही,” तो म्हणाला. “हा पूल तिचा.”

त्यानं दार उघडलं. पाण्याचा आवाज आत आला. मागं एका ट्रकनं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं. मी पट्टा सोडला, पेटी उचलली आणि दाराच्या खालच्या पायरीवर येऊन उभी राहिले. पुढं पूल होता, पाणी त्याच्या दगडांना घासून जात होतं. मागं, ज्या रस्त्यानं आम्ही आलो होतो, तिथं कातळाच्या सावलीत वाहनांची रांग लागली होती. मी त्या रस्त्याकडे तोंड केलं. गाडीत कुणाला मराठी कळत नव्हतं.

“अप्पा,” मी म्हटलं.

ते पुरेसं नव्हतं. प्लमर निघाला नाही, आणि मीही आत आले नाही. हॉर्न वाजत होते. सिग्नल पुन्हा लाल झाला. मी पेटी छातीशी धरली आणि पाण्याच्या आवाजावर ओरडले.

“अप्पा, घर खायला उठतं मला! एकटीला नाही राहवत! मी बोलावतेय तुम्हाला, अप्पा. घरी चला.”